मंगळवार रात्रीचं फुटबॉल

डोळे उघडा. शनिवार आहे, 26 सप्टेंबर 1981. अमेरिकेच्या कॅरोलायना भागात कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, लाकडी खोक्यातल्या टीव्हीसमोर तुम्ही गालिच्यावर बसला आहात. अँटेना जरा फिरवली की चित्र ठरतं. हेल्मेटं, कापूस भरल्यासारखे रुंद खांदे, लांबट चेंडू. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. इथे चेंडू हाताने फेकतात, काखेत मारून पळतात, पाच-सात सेकंद झोंबाझोंबी होते आणि मग सगळे उठून पुन्हा रांगेत उभे राहतात.

खेळताहेत द सिटाडेल आणि अ‍ॅपलाचियन स्टेट. पहिलं चार्ल्स्टनमधलं लष्करी शिस्तीचं कॉलेज, दुसरं बून नावाच्या डोंगरातल्या गावातलं विद्यापीठ. कॅरोलायनाबाहेर या दोघांना कोण ओळखतं? हा सामना एबीसी वाहिनीची फक्त चार स्थानिक केंद्रं दाखवताहेत, आणि नशिबाने त्यातलं एक तुमच्या अँटेनात आलंय.

याच शनिवारी लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये यूएससी आणि ओक्लाहोमा भिडलेत. देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ विरुद्ध दुसऱ्या क्रमांकाचा. घड्याळात दोन सेकंद उरले असताना यूएससी टचडाउन मारून, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन, सामना 28-24 असा फिरवते. तो थरार 200 हून अधिक केंद्रांवरून घराघरांत पोचतो.

आता हिशेबाची वही उघडा. प्रक्षेपणाचे म्हणून या चारही संघांना मिळालेली रक्कम एकच. चार केंद्रांवर दिसलेल्यांना तेवढीच, दोनशेंवर दिसलेल्यांना तेवढीच.

ही किमया एनसीएएची. कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या या संस्थेने 1951 पासून फुटबॉलच्या प्रक्षेपणाची मूठ आपल्या हातात ठेवली आहे, आणि त्याला कारण एक भीती. सामना घरबसल्या दिसायला लागला तर तिकीट काढून मैदानावर कोण येईल? म्हणून टीव्हीवर मोजकेच सामने, ठरावीक वाहिन्या, ठरलेले दर. पुढच्याच वर्षी लागू होणाऱ्या योजनेत एबीसी आणि सीबीएस चार वर्षांसाठी प्रत्येकी 13 कोटी 17 लाख 50 हजार डॉलर मोजणार आहेत. दोन वर्षांत कोणत्याही संघाला सहापेक्षा जास्त वेळा पडद्यावर येता येणार नाही, आणि वाहिन्यांना त्या दोन वर्षांत किमान 82 वेगवेगळी कॉलेजं दाखवावीच लागतील. तुमच्या समोरची बून आणि चार्ल्स्टनची पोरं पडद्यावर आहेत ती अशाच बळजबरीमुळे. ही भीती लक्षात असू द्या. पुढच्या मुक्कामांवर ती उलटी होऊन भेटेल.

बड्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठ कोर्टात गेले.

27 जून 1984, वॉशिंग्टन, सर्वोच्च न्यायालय. इथे फार रेंगाळू नका, कोर्टाच्या पायऱ्या जूनच्या उन्हात तापल्या आहेत. निकाल सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स लिहितात की एनसीएएची योजना स्पर्धेचा गळा घोटणारी आहे, मक्तेदारीविरोधी कायद्यात ती बसत नाही. ते चार केंद्रं आणि दोनशे केंद्रांचं उदाहरणही निकालपत्रात आहे, बाजाराची चेष्टा कशी झाली ते दाखवायला. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट. नऊ जणांत व्यावसायिक फुटबॉल खेळलेला हाच माणूस. 1938 आणि 1940 साली व्यावसायिक लीगमध्ये चेंडू घेऊन सर्वांत जास्त यार्ड पळणारा. कॉलेजचा खेळ निव्वळ धंद्याच्या तराजूत तोलू नका, असं त्याचं म्हणणं. ते अल्पमतात राहिलं. माझ्या मते दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि पंचाईत तिथेच आहे.

निकाल लागला आणि शनिवारचं धरण फुटलं. ज्याला जे विकायचं ते विका. सामने इतके झाले की पहिल्या वर्षी भाव कोसळले. मग हळूहळू ज्यांच्याकडे नाव होतं त्यांनी बाजार बांधून घेतला. अमेरिकेत मुळात शेजारपाजारची विद्यापीठं गट करून खेळत आली, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. आपसातले सामने आणि टीव्हीचे करार दोन्ही गटानेच होतात. मोठ्या गटांच्या दारात वाहिन्या रांग लावू लागल्या. नोत्र दामने तर गटबिट काही नको म्हणून 1990 मध्ये एकट्यानेच एनबीसीशी करार केला. 82 कॉलेजं दाखवा, असं सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.

पुढचा मुक्काम क्लीव्हलँड, 2000 नंतरची पहिली काही वर्षं. मिड-अमेरिकन कॉन्फरन्स, म्हणजे मॅक, या गटाचं कार्यालय इथे आहे. 1946 साली स्थापन झालेला गट. टोलिडो, बोलिंग ग्रीन, अ‍ॅक्रन, केंट, ओहायो, मायामी (हे फ्लोरिडातलं नव्हे, ओहायोतलं), मिशिगनच्या पूर्व-पश्चिम-मध्य नावांची तीन, इंडियानातलं बॉल स्टेट, इलिनॉयमधलं नॉर्दर्न इलिनॉय, न्यूयॉर्क राज्यातलं बफलो. यांतली बरीच नावं आपल्याकडे पुण्या-नागपूरच्या घरांत एम.एस.च्या अर्जांमुळे ठाऊक असतात. फुटबॉलशी त्यांची सांगड घालणारा मराठी माणूस विरळा.

टेबलावर आठवड्याचा तक्ता पसरला आहे असं समजा आणि खुर्ची ओढून बसा. शनिवार? सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत बड्यांनी भरलेला. त्याच ओहायोत ओहायो स्टेट खेळत असताना अ‍ॅक्रनचा सामना कोण लावणार? रविवार व्यावसायिक लीगचा. सोमवारही तिचाच. शुक्रवार संध्याकाळ शाळांची. गावोगावच्या हायस्कुलांचे सामने शुक्रवारी रात्री होतात आणि ती प्रथा इतकी पवित्र मानतात की 1961 च्या कायद्याने व्यावसायिक लीगला हंगामात शुक्रवार रात्र आणि शनिवार टीव्हीवर वर्ज्य करून टाकलेत. गुरुवार बऱ्यापैकी नावाजलेल्या संघांनी आधीच अडवलेला. उरले मंगळवार आणि बुधवार.

मुंबईच्या लोकलमध्ये तिघं टेकून बसतात आणि चौथा माणूस 'जरा सरका' म्हणत बाकाच्या कडेला अर्धं बूड टेकवतो. मंगळवार ही मॅकला मिळालेली चौथी सीट होती. अवघडलेली, पण उभं राहण्यापेक्षा बरी. आणि गर्दीत आत आलेला माणूस कुणाला तरी दिसतो.

टेबलाच्या पलीकडे बसलेल्या ईएसपीएनचीही एक नड आहे, ती समजून घ्या. ही वाहिनी 1979 मध्ये कनेक्टिकटच्या ब्रिस्टल गावातून सुरू झाली. तिची खरी कमाई जाहिरातींपेक्षाही केबलच्या वर्गणीतून. खेळ बघा न बघा, केबल घेतलेल्या प्रत्येक घराच्या मासिक बिलातून ईएसपीएनचा वाटा कापला जातो. 2011 च्या सुमाराला अशी सुमारे 10 कोटी घरं होती आणि वाटा दरमहा चार डॉलरहून अधिक. एवढे पैसे वाजवून घ्यायचे तर रोज रात्री काहीतरी ताजं, थेट दाखवायला हवं. नोव्हेंबरातला मंगळवार म्हणजे नुसता दुष्काळ. बेसबॉल संपलेला, बास्केटबॉल अजून अंगात यायचा. तिथे दोन हेल्मेटवाले संघ, भरपूर गुण, आणि किंमत किरकोळ. मॅकला चेहरा हवा होता, वाहिनीला तास भरायचे होते.

सही झाली आणि फळही लवकर दिसलं. 4 नोव्हेंबर 2003 च्या मंगळवारी मायामीचा एक आडदांड क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, बोलिंग ग्रीनच्या बचावाची चाळण करतो. त्या रात्री दुसरा फुटबॉल कुठेच नसल्यामुळे देशभरचे शौकीन त्यालाच बघतात. पुढच्या वसंतात व्यावसायिक लीगच्या निवडीत त्याला, बेन रॉथलिसबर्गरला, पिट्सबर्गने अकराव्या क्रमांकावर उचललं.

आता उतरा टोलिडोला. 1 नोव्हेंबर 2011, मंगळवार, रात्र. इथे मात्र थांबायचं आहे.

मैदानाचं नाव ग्लास बोल. टोलिडो काचेच्या कारखान्यांचं शहर. महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून 1937 साली हे मैदान उभं राहिलं, आणि युद्धानंतर स्थानिक कारखान्यांची काच वापरून सजवल्यावर त्याला हे नाव पडलं. दगडी भिंती आणि बुरूज पाहून किल्ल्यात शिरल्यासारखं वाटतं. आत बाकांचा थंडावा पँटमधून चढतो. बँडवाली मुलं बोटं उघडी असलेले हातमोजे घालून ट्रम्पेट फुंकताहेत. पार्किंगमध्ये येताना पाहिलंत ना? शनिवारी इथे गाड्यांच्या डिक्या उघडून शेगड्या पेटतात, माजी विद्यार्थी क्लीव्हलँडहून पोराबाळांसह सकाळीच येऊन ठेपतात. आज ते कामावर होते. उद्याही आहेत. शेजारी बसलेल्या मुलीने मांडीवर पुस्तक उघडून ठेवलंय. बुधवारी सकाळी तिची परीक्षा आहे.

मैदानाच्या कडेला लाल टोपी घातलेला एक माणूस दिसेल. खेळाडू नाही, पंच नाही, प्रशिक्षक नाही. कानात इअरफोन, त्याचं टोक बाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या ट्रकशी जोडलेलं. टचडाउन झाला की तो दोन पावलं मैदानात येऊन उभा राहतो, आणि बावीस धट्टीकट्टी पोरं जागच्या जागी पाय आपटत थांबतात. घरी सोफ्यावर बसलेल्याला या वेळात ट्रकची आणि पिझ्झाची जाहिरात दिसते. तुम्हाला काय दिसतं? लाल टोपी. पंचही तिच्याकडेच बघतो. ती बाजूला सरली की शिट्टी. तिकीट काढून आलेल्याने अशा किती शांतता काढायच्या, याचा आकडा टचडाउनच्या संख्येवर ठरतो, आणि आजची संख्या भयंकर असणार आहे.

नॉर्दर्न इलिनॉयचा चँडलर हार्निश फेकतोय, टोलिडो उत्तर देतंय. बचाव नावाची गोष्ट दोन्ही संघ घरी विसरून आलेत. वीस, तीस, चाळीस. गुणफलकावरचे आकडे बास्केटबॉलचे वाटू लागतात. शेजारच्या मुलीने पुस्तक कधीच मिटलंय. मोजके सेकंद उरले असताना हार्निश आपला सहावा टचडाउन पास टाकतो आणि पाहुणे 63-60 ने सामना मारतात. 123 गुण. पाहुण्यांची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारताहेत. अजून त्यांना जवळपास 500 किलोमीटरवरच्या डिकॅल्बला परतायचंय. काटेरी तारेचं पेटंट घेणाऱ्या ग्लिडनचं गाव ते. बुधवारच्या पहिल्या तासाला यांतले किती जण वर्गात जागे असतील, ते तुम्हीच ठरवा.

एक आठवडा पुढे या, तोच किल्ला, पुन्हा मंगळवार, 8 नोव्हेंबर. टोलिडो विरुद्ध वेस्टर्न मिशिगन. या वेळी यजमान जिंकतात, 66-63. लेखकाने असं कथेत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं. या दोन मंगळवारांनी मॅकचं नाव झालं. चाहते या साप्ताहिक वेडाला 'मॅक्शन' म्हणतात. सट्टेबाजांचीही त्यात मोठी सोय झाली, कारण मंगळवारी पैसे लावायला दुसरं असतंच काय?

पण कॅमेरा कुठे बसवलाय ते एकदा नीट बघा. समोरचा कठडा भरलेला दिसेल अशी सगळी धडपड. तुम्ही मागे वळून पाहिलंत तर वरच्या रांगा मोकळ्या आहेत, आणि नोव्हेंबर जसजसा सरेल, बर्फाचं पाणी पडू लागेल, तसतशा खालच्याही मोकळ्या होतील. 1951 साली एनसीएए ज्याला घाबरत होती तेच हे. फरक एवढाच की तेव्हा रिकामे बाक टाळण्यासाठी टीव्ही रोखला होता, आता टीव्हीवर यायचं म्हणून रिकामे बाक पत्करलेत. तिकीटखिडकीचं, गावातल्या हॉटेलांचं, वर्गातल्या हजेरीचं जे काही जाईल ते जाऊ दे, चेहरा दिसला पाहिजे. करारावर सही करताना शेजारच्या मुलीला किंवा ट्रम्पेटवाल्याला कुणी विचारलं नव्हतं, हे मला खटकतं. तरी मॅकच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? सहीच केली असती. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

1 सप्टेंबर 2006. रॉकी पर्वतांच्या कुशीतलं एखादं गाव, हातात रिमोट. हा माउंटन वेस्ट कॉन्फरन्सचा मुलूख. युटा, ब्रिगम यंग, एअर फोर्स, वायोमिंग, न्यू मेक्सिको, नंतर येऊन मिळालेलं टीसीयू. ईएसपीएन यांनाही आडवारी आणि अपरात्री खेळवत होती. यांना ते सोसलं नाही. आम्ही शनिवारीच खेळणार, म्हणाले. सीएसटीव्ही या नव्या वाहिनीने सात वर्षांचे 8 कोटी 20 लाख डॉलर देऊ केले. यांनी ईएसपीएनला नमस्कार केला. शिवाय स्वतःची वाहिनी काढली, 'द माउंटन'. फक्त एका कॉन्फरन्ससाठी चालणारी अमेरिकेतली पहिली वाहिनी. बिग टेनसारख्या धनदांडग्यांच्याही आधी! स्वाभिमान म्हणावा तर असा.

आता रिमोटची बटणं दाबा. आणखी दाबा. तुमच्या छपरावर सॅटेलाइटची थाळी आहे आणि वाहिनी सापडत नाही, कारण ती सुरुवातीला केबलपुरतीच आहे. डायरेक्टटीव्हीवर यायला तिला 2008 उजाडलं. त्याच हंगामात युटा एकही सामना हरलं नाही. 13-0, आणि शेवटी शुगर बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात अलाबामाला 31-17 ने लोळवलं. इतका भन्नाट संघ, पण गटाबाहेरच्या अनेकांनी त्याला पहिल्यांदा डोळे भरून पाहिलं ते थेट अलाबामाविरुद्ध. मोठ्यांना चीत करण्याची धमक असून उपयोग काय, त्याआधीचे अकरा-बारा सामने कुणी पाहिलेच नसतील तर? मग जो तो वाट काढू लागला. युटा मोठ्या गटात गेलं. ब्रिगम यंगने 2010 मध्ये गट सोडायचं ठरवलं आणि ईएसपीएनशी स्वतःचा करार केला. टीसीयूही गेलं. 'द माउंटन' 31 मे 2012 ला बंद पडली. पैसे जास्त होते, शनिवार हातात होता, आणि घर रिकामं झालं. मॅकच्या जागी मी सही का केली असती, ते आता कळलं असेल.

मागे आलाच आहात तर एक वर्ष इकडे सरका आणि अ‍ॅन आर्बरला जाऊन या. 1 सप्टेंबर 2007. मिशिगनचं ते अवाढव्य मैदान, एक लाखाच्या वर माणसं, देशात पाचव्या क्रमांकाचा यजमान संघ. पाहुण्यांचे कपडे ओळखता का? अ‍ॅपलाचियन स्टेट. तेच, चार केंद्रांवाले. या वेळी ते खालच्या पायरीवर खेळताहेत, म्हणजे मिशिगनने हंगामाच्या सुरुवातीला हात साफ करायला बोलावलेला बकरा. शेवटच्या क्षणी मिशिगनची किक अडवली जाते आणि फलकावर 34-32 राहतं. एक लाख माणसं गप्प होतात म्हणजे काय, ते इथे कानांनी ऐका. कॉलेज फुटबॉलमधली सर्वांत मोठी उलथापालथ म्हणून आजही याच दुपारचं नाव निघतं.

आणि ती दिसली कुठे? मिशिगनच्या गटाच्या बिग टेन नेटवर्कवर. दोनच दिवसांपूर्वी सुरू झालेली वाहिनी. कॉमकास्ट या सर्वांत मोठ्या केबल कंपनीशी तिचा दराचा वाद मिटला नव्हता, त्यामुळे लाखो घरांत ती नव्हतीच. बूनच्या पोरांनी आयुष्यातला मोठा डाव टाकला आणि लोकांनी तो संध्याकाळच्या बातम्यांत तुकड्यातुकड्यांनी पाहिला. 26 वर्षं गेली, कायदा बदलला, वाहिन्या शेकड्यांनी वाढल्या, तरी या संघाच्या वाट्याला तेच. काही माणसांचं नशीबच केबलवाल्याच्या हातात असतं.

पुढे चला, जरा वेगाने. दिसण्याचा फायदा कुणाच्या पदरात पडतो, ते या वाटेवर कळतं. 2012: मंगळवार-बुधवारच्या उजेडात मोठी झालेली नॉर्दर्न इलिनॉय मॅक जिंकते आणि ऑरेंज बोलचं आमंत्रण मिळवते. ज्या वाहिनीने त्यांना वर्षानुवर्षं मंगळवारी राबवलं, तिच्याच समालोचकाने थेट कार्यक्रमात या निवडीला नावं ठेवली. सामना व्हायच्या आधीच त्यांचा प्रशिक्षक डेव्ह डोरेन नॉर्थ कॅरोलायना स्टेटने पळवला. टोलिडोचा टिम बेकमन तर त्या दोन वेड्या मंगळवारांनंतर महिनाभरात इलिनॉयला गेला होता. 2016: वेस्टर्न मिशिगन सलग 13 सामने जिंकतं, ईएसपीएनचा शनिवार सकाळचा फिरता कार्यक्रम कॅलमझूला तंबू ठोकतो, गावाला जत्रेची कळा येते. कॉटन बोल झाला आणि आठवड्याच्या आत प्रशिक्षक पी. जे. फ्लेक मिनेसोटाला. 2021 पासून खेळाडूंनाही वर्ष वाया न घालवता कॉलेज बदलायची मुभा मिळाली आणि नावावर पैसे कमावण्याचीही. तेव्हापासून मंगळवारी रात्री चमकणारा पोरगा पुढच्या ऑगस्टला त्याच गणवेशात असेल, याची खात्री कुणी देत नाही. मॅक पडदा भाड्याने घेते आणि त्यावरचा माल श्रीमंत उचलून नेतात.

भाडं किती मिळतं तेही बघू. 2014 मध्ये मॅकने ईएसपीएनशी 13 वर्षांचा करार केला, 2026-27 पर्यंतचा. बातम्यांमधला आकडा 10 कोटी डॉलरच्या थोडा वर. बारा जणांत वाटलं तर एका विद्यापीठाला वर्षाला साडेसहा लाख डॉलरच्या आसपास. 2022 मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, 700 कोटींहून अधिकचा. तिथे एका विद्यापीठाचा वर्षाचा वाटा कोटींत, सहा कोटींच्या घरात. शंभरपट म्हणायला हरकत नाही. 1981 चं ते सारख्या रकमेचं कोडं असं सुटलं. न्यायमूर्ती स्टीव्हन्सना विचित्र वाटलं होतं ते दोन टोकांना एकच भाव मिळणं. आताचा भाव बाजाराचा आहे, तक्रार कुठे करणार?

7 सप्टेंबर 2024, साउथ बेंड, शनिवार दुपार. नोत्र दामच्या मैदानात उभे राहा, दूरवर सोनेरी घुमट चमकतोय. पाहुणे पुन्हा नॉर्दर्न इलिनॉय, आणि आज ते मंगळवारसाठी आलेले नाहीत, चेकसाठी आलेत. बडी विद्यापीठं छोट्यांना आपल्या घरी खेळायला बोलावतात, हमखास विजय मिळवतात आणि बिदागी देतात. आजची बिदागी 14 लाख डॉलर. टीव्हीच्या दोन वर्षांच्या वाट्याहून जास्त, एका दुपारचे. अर्ध्या मिनिटाचा खेळ उरलाय, पाहुण्यांची 35 यार्डांवरून किक, चेंडू खांबांच्या मधून पार. 16-14. पाचव्या क्रमांकाचा नोत्र दाम घरच्या मैदानात गारद. पाहुण्यांचा प्रशिक्षक थॉमस हॅमक डोळे पुसतोय, बोलताना त्याचा आवाज फुटतोय. हा सामना दिसला तो नोत्र दामच्या त्याच 1990 पासूनच्या सवत्या चुलीवर, एनबीसीवर. म्हणजे यजमानाने पैसे देऊन, स्वतःच्या वाहिनीवर, स्वतःची फजिती देशाला दाखवली.

चार महिन्यांनी, जानेवारी 2025 मध्ये, नॉर्दर्न इलिनॉयने मॅक सोडत असल्याचं जाहीर केलं. जुलै 2026 पासून त्यांचं फुटबॉल जाणार आहे माउंटन वेस्टमध्ये. हो, तीच, 'द माउंटन'वाली. बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट यांच्यासारखे पाच संघ पॅक-12 या गटाने उचलून नेल्यावर त्यांनाही घर भरायचं होतं. डिकॅल्बची पोरं आता वायोमिंगच्या लॅरमीत, लास व्हेगसला, हवाईला खेळायला जातील. तिकडचे सामने उशिरा रंगतात, पण मंगळवार सुटतो आणि वाटा वाढण्याची आशा आहे. त्याच विद्यापीठाच्या व्हॉलीबॉलच्या मुली आणि बास्केटबॉलची पोरं मात्र हॉरायझन लीगमध्ये जाताहेत, मिलवॉकी, ग्रीन बे, क्लीव्हलँड अशा बसने गाठता येणाऱ्या गावांत खेळायला. त्यांच्या सामन्यांसाठी कुठल्या वाहिनीने तक्त्यात वार शोधलेला नाही, म्हणून त्यांना हवाईला पाठवायचीही कुणाला गरज वाटली नाही.